सरकार सोडलेला दिगंबर

निवृत्त माणसाकडं दोन गोष्टी आपोआप साठत जातात. जुन्या डायऱ्या आणि दुसऱ्यांचे किस्से. डायऱ्या रद्दीवाला नेतो. किस्से तो नेत नाही, म्हणून रोज संध्याकाळी स्टेशनजवळच्या चहाच्या हॉटेलात आम्ही ते एकमेकांनाच खपवत बसतो. त्यातला निम्म्याहून जास्त माल एकट्या दिगंबरचा. परभणीच्या औषध भांडारातून निघून मुंबई, दिल्ली करत आज हैदराबादच्या एका मोठ्या औषध कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट झालेला आमचा दिगंबर! माणूस एवढा वर गेला, पण खाली किस्से पुरवायचं काम त्यानं कधी बंद केलं नाही.

*

दिगंबर पेडगावचा. बी.फार्म. होऊन आमच्या भांडारात लागला, तेव्हा मी तिथं हेडक्लार्क होतो. सगळे मला ‘बडेबाबू’ म्हणत.

पहिल्या दिवशी तो एकटा आला नाही. सोबत वडील होते. धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. तात्या. कुणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ मला विचारलं, “ह्याची खुर्ची कोन्ती?”

मी दाखवली. तात्या आधी स्वतः तिच्यावर बसले. डावीकडं झुकले, उजवीकडं झुकले आणि उठून म्हणाले, “बडेबाबू, खुर्ची हलायलीय. सरकारची खुर्ची हलाय न्हाई पायजे!”

ती खुर्ची आमच्याकडं कैक वर्षं होती. तिच्यावरून दोन माणसं रिटायर झाली होती. ती हलते हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण तिच्यावर बसून कुणी हललंच नव्हतं!

दिगंबर शांतपणे म्हणाला, “तात्या, वर कळवतो.”

नोकरीला लागून पोराला दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मी तेव्हाच ओळखलं, हा लांब जाणार.

*

आणि गेलाच. परीक्षा दिल्या, आधी मुंबईत मंत्रालयात गेला, तिथून दिल्लीला. औषधांच्या धोरणाचं काम. पेडगावात तात्यांचा रुबाब असा वाढला की पारावर त्यांच्यासाठी आपोआप जागा होऊ लागली. कुणी विचारो न विचारो, “आमचा दिगू सरकारात हाय,” हे वाक्य दिवसातून एकदा तरी गावाला ऐकावं लागे.

पण तात्या चिकित्सक. एका दिवाळीत माझ्यादेखत त्यांनी पोराची उलटतपासणी घेतली.

“दिगू, तू तिथं नेमकं करतोस काय?”

“औषधांचं धोरण ठरवतो.”

“म्हंजे कुणाला कोन्तं औषध द्यायचं, ते?”

“नाही, ते डॉक्टर ठरवतात.”

“मंग भाव ठरवतोस?”

“तसं नाही. भाव कसा ठरवावा, ते आम्ही ठरवतो. म्हणजे तसं सुचवतो.”

तात्यांनी बराच वेळ सुपारी चघळली. मग समाधानानं मान हलवली.

“म्हंजे हातात काम काहीच न्हाई अन् जबाबदारी लय मोठी. पक्की सरकारी नौकरी हाय, बडेबाबू!”

*

नोकरी माणसाच्या हाडात उतरते म्हणतात. दिगंबरच्या ती जिभेवर उतरली होती.

लग्नासाठी मुलगी बघायला आम्ही जिंतूरला गेलो. पोहे झाले, चहा झाला, प्रश्न झाले. मुलीच्या वडिलांनी अदबीनं विचारलं, “मग, काय विचार आहे?”

दिगंबर म्हणाला, “तत्त्वतः मान्य आहे.”

मुलीच्या मामांनी मला हळूच विचारलं, “हे हो आहे का नाही?” मी म्हणालो, “सरकारात दोन्ही आहे.”

तेवढ्यात कप उचलत असलेली मुलगी दारातूनच म्हणाली, “मग जीआर कधी निघणार?”

त्या सुनंदावहिनी. पुढं संसारातले सगळे जीआर त्यांनीच काढले. दिगंबर फक्त अंमलबजावणी करतो आणि सुखात आहे.

*

दिल्लीत असताना दिगंबरला कंपन्यांच्या माणसांचा फार वैताग. धोरणात आपला फायदा करून घ्यायला ते सकाळपासून केबिनबाहेर ठाण मांडून बसत. दिगंबरनं उपाय काढला. बाहेरच्या गुबगुबीत खुर्च्या हलवून त्यानं पाठ नसलेली लाकडी बाकडी मंजूर करून घेतली. तीही अरुंद!

पुढं तो स्वतःच कंपनीत गेला. पहिल्याच महिन्यात कंपनीच्या कामासाठी त्याच कार्यालयात जायची वेळ आली. शिपाई जुना. ओळखून धावत आला, “साहेब, तुम्ही बाहेर का? आत या ना!”

“नाही,” दिगंबर म्हणाला, “कंपनीची माणसं बाहेर बसतात.” आणि बाकड्यावर बसला.

हे त्यानं सांगितलं तेव्हा मी विचारलं, “मग? वाईट वाटलं का?”

“छे हो, बडेबाबू! अभिमान वाटला. अर्ध्या तासात पाठ अशी धरली की साहेबांना न भेटताच परत आलो. निर्णय शंभर टक्के बरोबर होता!”

*

कंपनीला मात्र दिगंबर पचायला वेळ लागला. तिथं सगळं झटपट. एका मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी विचारलं, “हे औषध आणायचं का नाही? येस ऑर नो?”

दिगंबर म्हणाला, “विधी विभागाचे अभिप्राय घ्यावेत.”

साहेब म्हणाले, “अहो, आपला विधी विभाग म्हणजे तो तुमच्या शेजारी बसलेला माणूस!”

दिगंबर शेजारी वळला. “आपले अभिप्राय?”

तो वकील पोरगेला होता. बिस्किट खात म्हणाला, “काही प्रॉब्लेम नाही.”

“लेखी द्या.”

वकिलाचं बिस्किट चहात पडलं! लेखी द्यायचं म्हटल्यावर तो कागद चाळायला लागला आणि संध्याकाळपर्यंत त्याला तीन प्रॉब्लेम सापडले. तिन्ही मोठे. कंपनी थोडक्यात वाचली. तेव्हापासून मोठे साहेब कुणी फार उत्साहानं ‘येस’ म्हणालं की नुसतं दिगंबरकडं बघतात.

*

हे सगळं आम्ही हसून सांगतो, पण दिगंबरच्या मनात एक सल होता.

सरकार सोडल्याचं त्यानं सांगितलं, तेव्हा तात्यांनी एकच विचारलं, “का रे, काढलं का तुला?”

“नाही तात्या, मी सोडलं. कंपनीनं बोलावून घेतलं. मोठी पोस्ट आहे.”

“कंपनी म्हंजे दुकानच की,” तात्या म्हणाले. “फक्त शटर मोठं.”

आणि विषय संपला. असा संपला की पुन्हा निघालाच नाही. गावात कुणी विचारलं तर तात्या म्हणत, “दिगू तिकडं हाय.” तिकडं म्हणजे कुठं, ते सांगत नसत. गाव समजायचं, दिल्लीला. एके काळी रोज पोराचं नाव घेणारा म्हातारा पारावर गप्प बसायला लागला.

एकदा चहा पिताना दिगंबर म्हणाला, “बडेबाबू, लोक मला हारतुरे घालतात, कॉन्फरन्सला बोलावतात. पण मी काय करतो हे तात्या गावात सांगत नाहीत हो. एकदा चारचौघांत मोठ्यानं म्हणावं, माझा पोरगा अमुक ठिकाणी आहे. बस.”

व्हाइस प्रेसिडेंटच्या डोळ्यांत पाणी बघायची सवय नसल्यामुळं मी आणखी एक चहा सांगितला.

*

गावानं मात्र दिगंबरला कधी रिटायर केलंच नाही. पेडगावला गेला की लोक अर्ज घेऊन हजर. एकदा शेजारच्या धनगरवाड्यावरून शाळेत जाणाऱ्या पोरी आल्या. सकाळची बस फाट्यावर थांबत नाही, रोज पहिला तास बुडतो.

दिगंबर म्हणाला, “बायांनो, मी आता सरकारात नाही. कंपनीत आहे.”

त्यांच्यासोबत आलेला धनगरवाड्यावरचा म्हातारा हसला. “साहेब लय मोठे झाले की आसंच म्हनत्यात.”

शेवटी दिगंबरनं नुसता अर्ज लिहून दिला. सह्या पोरींच्याच. पण भाषा! ‘उपरोक्त विषयी सविनय निदर्शनास आणण्यात येते की’ इथून जी सुरुवात, ती थेट ‘केलेल्या कार्यवाहीचा अहवाल उलट टपाली अपेक्षित आहे’ इथं शेवट. ते वाचून डेपोतला माणूस अर्ज हातात धरून उभा राहिला म्हणे! चार दिवसांत बस थांबायला लागली. आता तर कधीकधी फाट्यावर कुणी नसतानाही थांबते.

*

आणि आता मागच्या हिवाळ्यातली गोष्ट.

तात्यांच्या शेतात हुरडा होता. दिगंबर हैदराबादहून आलेला, मला परभणीहून गाडीत घालून घेऊन गेला. सोबत त्याच्या कंपनीच्या गोळ्यांचा चकचकीत खोका. तात्यांना बीपी निघालं होतं.

तात्यांनी खोक्याला हात लावला नाही. “कंपनीच्या गोळ्या मी खात न्हाई,” म्हणाले. “कंपनी विकायला बसलीय. तिला माझ्या बीपीचं काय पडलंय? मला सरकारी दवाखान्यातून मिळत्यात. लय गुणकारी हायत.”

“तात्या, औषध तेच आहे,” दिगंबर म्हणाला.

“तेच कसं आसंल? ते सरकारनं दिलंय.”

धोरण ठरवण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसानं खोका उचलून बाजूला ठेवला. समोर शेकोटीत कणसं तडतडत होती. तात्यांनी बंडीच्या खिशातून आपली गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तोंडात टाकली आणि तांब्यातलं पाणी प्यायले. पट्टी माझ्याजवळ पडली. सारी नोकरी औषध भांडारात गेली, त्यामुळं पट्टी दिसली की मी ती उलटून बघतो. खाली बारीक अक्षरांत बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं.

मी पट्टी दिगंबरच्या हातात दिली.

त्यानं वाचलं. परत वाचलं. त्याचा आवाजच बदलला. “तात्या, ही आमची गोळी आहे. आमच्या कंपनीची! सरकार आमच्याकडून घेतं.”

तात्यांनी हुरडा चोळायचं थांबवलं. “बघू.” पट्टी हातात घेतली, पण चष्मा घरी. ती त्यांनी माझ्याकडं दिली. दिगंबरच्या वाचण्यावर भरवसा नव्हता. “बडेबाबू, वर मोठ्या अक्षरांत काय लिव्हलंय?”

“शासकीय पुरवठा. विक्रीसाठी नाही.”

“परत वाचा.”

“विक्रीसाठी नाही.”

“खाली कुणाचं नाव हाय?”

“दिगंबरच्या कंपनीचं.”

तात्या विचारात पडले. एकदा पट्टीकडं बघितलं, एकदा पोराकडं. मग म्हणाले, “विकायचं न्हाई, आसं सोता लिहून देती, ती कंपनी कशी आसंल?”

दिगंबरनं तोंड उघडलं. खरेदी, निविदा, पुरवठा, सगळं समजावून सांगायला तो तयारच होता. पण तात्या तोवर उठून बांधापर्यंत गेले होते. पलीकडच्या रानात सोपानराव ज्वारीवरची पाखरं हाकत होते.

“ओ सोपानराव!” तात्या ओरडले. अख्ख्या शिवाराला ऐकू गेलं. “आमच्या दिगूची बदली झालीय! सरकारनं त्याला गोळ्यांच्या खात्यात टाकलंय!”

सोपानरावांनी गोफण खाली केली. “बढतीवर का?”

तात्यांनी मागं वळून पोराकडं बघितलं.

दिगंबर उभा राहिला, हातावरचा हुरडा झटकला आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडला, “बढतीवरच, काका!”