तेरा आकड्यांचा नंबर

सकाळपासून धुकं असं दाटलं होतं की समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटीसुद्धा दिसत नव्हती. दुकानाची काच पुसावी आणि पाठ वळताच ती पुन्हा आंधळी व्हावी. चष्मेवाल्याने तीनदा पुसली, मग फडका खुंटीला टांगला आणि मागच्या खोलीत जाऊन भिंगाच्या कडा घासायचं यंत्र सुरू केलं. चाकावर पाण्याची बारीक धार सोडली, भिंग टेकवलं. खर्रर्र. हा आवाज निघाला की त्याला बरं वाटायचं. यंत्र चालू असताना कुणी बोलायला सांगत नाही.

बाहेर गल्ल्यावर त्याची ताई. नवरा गेल्यापासून ती दुकानात बसायची. दुकानात हात त्याचे आणि तोंड तिचं, अशी वाटणी होती. कारण हा अडखळायचा, अगदी लहानपणापासून. त्यातही 'च' आला की गाळात चाक रुतावं तसा रुतायचा. आणि नशिबाची थट्टा बघा, धंदा मिळाला तो चष्म्याचा! स्वतःच्या दुकानात उभा राहून तो 'भिंगं' म्हणे, 'फ्रेम' म्हणे, 'डोळ्यांचं काम' म्हणे, पण चष्मा म्हणून म्हणत नसे. एकदा एका म्हाताऱ्याने दारातून विचारलं, "इथं चष्मे मिळतात का हो?" तर याने "मिळतं ना, ते-ते-तेच मिळतं," म्हणून वेळ मारून नेली. बाजारात त्याला मौनीबाबा म्हणत. घरी त्याने तोंड उघडलं की वाक्य ताई पुरं करायची. मायेनेच करायची. पण चाळीस वर्षांत त्याची निम्मी वाक्यं तिच्या तोंडून बाहेर पडली होती, आणि त्यातली बरीचशी त्याला म्हणायचीच नव्हती.

मनमोकळं बोलायला त्याला एकच जागा होती. मोबाइलवरचा ग्रुप. वाणी सुधारायला शिकवणाऱ्या एका निवृत्त बाईंनी तो अडखळणाऱ्यांसाठी काढला होता. लिहायचं नाही, बोलून रेकॉर्ड करायचं. कितीही वेळ लागो. बाईंचे नियम दोनच होते. दुसऱ्याचा शब्द पुरा करायचा नाही, हा पहिला. आणि ऐकलं असेल तर खाली 'ऐकलं' लिहून त्या माणसाचा अगदी शेवटचा शब्द लिहायचा, हा दुसरा. म्हणजे बोलणाऱ्याला कळावं की कुणीतरी आपल्यासोबत टोकापर्यंत आलंय. पाच मिनिटांच्या रेकॉर्डिंगखाली चारच जण असायचे, 'ऐकलं. पाऊस.' 'ऐकलं. पाऊस.' तेवढ्यावर माणूस आठवडा काढायचा.

त्या चारांत एक हमखास असायचा, लिफ्टवाला. कुठल्याशा दूरच्या शहरात, अकरा मजली ऑफिसात लिफ्ट चालवायचा. वयाने मोठा, म्हणून हा त्याला दादा म्हणे आणि तो याला 'भिंगवाले'. दादा सांगायचा, "माझं 'तिसरा' म्हणून होईपर्यंत चौथा यायचा. लोक एक जिना उतरून जायचे, पण बिचाऱ्यांनी कधी त-त-तक्रार केली नाही." सहा वर्षं दोघांनी एकमेकांना ऐकलं. भेटले कधी नाहीत, फोनवर बोलले नाहीत. फोन म्हणजे अडखळणाऱ्याचा वैरी. पलीकडचा माणूस शांतता दिसली की ठेवून देतो.

मग बाई थकल्या. ग्रुप चालवायचा खर्च झेपेना, तेव्हा त्यांनी तो एका कंपनीला देऊन टाकला. कंपनी म्हणाली, तुमचं काही बदलणार नाही. आधी जाहिराती आल्या. चालायचंच. मग गुण आले. तुमच्या रेकॉर्डिंगखाली जितकी 'ऐकलं' तितके गुण, तुम्ही दुसऱ्याखाली लिहाल त्याचेही गुण, आणि गुणांचे पैसे. आणि मग आलं 'शांतता काढा'. रेकॉर्डिंग लांबलं की लोक कंटाळतात, जाहिरातीपर्यंत टिकत नाहीत, म्हणून मधल्या रिकाम्या जागा यंत्रच कापून टाकायला लागलं. अडखळणाऱ्यांच्या ग्रुपवर शांतता कापायची! म्हणजे विहिरीतून पाणी तेवढं काढून टाकायचं.

जुन्या माणसांनी कुरकुर केली आणि एकेक करून पाय काढला. पण चष्मेवाल्याला खरं सांगायचं तर ते दिवस गोड लागले. त्याच्या खाली चाराची चाळीस झाली, चाळीसची तीनशे.

"ताई, ती-तीनशे बारा जणांनी ऐ-"

"ऐकलं? तुझं? तीनशे बारा?" ताईने चष्मा कपाळावर ढकलला. "मग मी चाळीस वर्षं काय झक मारली?"

तो हसला. चढली होती त्याला. आकडा वाढता ठेवायचा तर दुसऱ्यांच्याखालीही भराभर लिहायला हवं. पाच-पाच मिनिटं कोण ऐकत बसणार? तो सरळ शेवटाला जायचा, शेवटचा शब्द कानावर घ्यायचा, लिहून टाकायचा. एक भिंग घासून होईस्तोवर वीस व्हायची.

त्याच धुंदीत परवा त्याने ठरवलं, आज तो शब्द म्हणायचाच. एवढी माणसं ऐकतायत! दुपारी गिऱ्हाईक नसताना मागच्या खोलीत बसून त्याने रेकॉर्ड लावलं. "माझा धंदा आहे च्... च्..." मान ताठ झाली, डोळे मिटले गेले, ओठांच्या कडेला फेस आला. अडला तो अडलाच. शेवटी हरला आणि बटण सोडलं.

तीन सेकंदांत खाली आलं, 'ऐकलं. चष्मा.' मग पुन्हा, 'ऐकलं. चष्मा.' ओळीच्या ओळी. 'ऐकलं. चष्मा.' तीनशे वेळा.

तो बघतच राहिला. सव्वा मिनिटाचं रेकॉर्डिंग तीन सेकंदांत कोण ऐकतं? आणि न बोललेला शब्द कोण ऐकतं? त्याने एकेक नाव उघडून पाहिलं. मागे माणूसच नव्हता. सगळी एकाच दिवशी जन्मलेली, सगळी एकाच सेकंदाला बोलणारी. गुणांच्या पैशासाठी कुणीतरी पाळलेले बॉट, माणसाच्या नावाने आपोआप लिहिणारे. वर्तमानपत्रात वाचलं होतं त्याने, पण ते दुसऱ्यांकडे होतं. सहा वर्षांत त्या ग्रुपवर कुणी कुणाचा शब्द पुरा केला नव्हता. ताईचं एक तोंड परवडलं, ही तीनशे आणि त्यांना तोंडच नाही. आणि आपण त्यांच्यापुढे फेस येईस्तोवर मान ताणली.

दोन दिवस त्याने मोबाइल हातात धरला नाही. आज भिंग चाकावरून उचलता उचलता त्याला एकदम आठवलं, त्या तीनशेंत दादा नव्हता. बऱ्याच दिवसांत नव्हता.

त्याने यंत्र बंद केलं आणि दादाचं पान उघडलं. शेवटचं रेकॉर्डिंग एकोणीस दिवसांपूर्वीचं. खाली बॉटांची रांग, आणि त्या रांगेत, त्यांच्याच तोंडवळ्याची, त्याची स्वतःची ओळ, 'ऐकलं. भेटू.'

ते त्याने ऐकलेलं नव्हतं. शेवटावर उडी मारून लिहिलं होतं.

त्याने लावलं. आधी गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात. मग दादा. पण हे कसलं बोलणं? आवाज दादाचा आणि चाल भलत्याचीच. मधला श्वास नाही, थांबणं नाही, अडखळलेले तुकडे एकाला एक चिकटवलेले, जणू कुणी मागून ढकलतंय. तरी कळलं. घशात गाठ निघालीय. बारा तारखेला ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार. "अडखळता का होईना, आवाज होता भिंगवाले, आता तोही जाईल. त्याआधी एकदा फोनवर बोलू. मी नंबर मधेच सांगतोय, शेवटी नाही. म्हणजे ऐकणाऱ्यालाच मिळेल." मग नंबर. मग आणखी दोन मिनिटं लिफ्टच्या गोष्टी. मग "भेटू."

आज अकरा तारीख होती.

त्याने नंबर कागदावर उतरवला आणि मोजून पाहिला. आकडे तेरा भरले. पुन्हा ऐकलं. तेराच.

ताई पडदा सारून आत आली. "यंत्र का थांबलं? ती मास्तरीण बाहेर खोळंबलीय... काय रे, काय झालं?"

त्याने कागद पुढे केला आणि रेकॉर्डिंग लावलं. या वेळी तिने मधे तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "नंबर तर दहाचा असतो. तीन जास्तीचे झाले."

"अ-अडलेत ते."

"कुठले अडलेले आणि कुठले खरे?"

तेच तर. एरवी त्याला झोपेतही कळलं असतं. दादा अडला की आकडा आकड्यावर आदळायचा, आणि खरोखर दोनदा म्हणायचा असला की मधे श्वास घ्यायचा. तो श्वासच कंपनीच्या यंत्राने कापून नेला होता. कागदावर दोन हा आकडा लागोपाठ दोनदा होता, सात तीनदा, पाच दोनदा.

ताई उभ्या उभ्याच हिशेबाला लागली. बोटं मोडून म्हणाली, "सगळे एकेकदाच धरले तर नऊच होतात. म्हणजे जोडी कुठलीतरी एकच खरी. दोनची, साताची नाहीतर पाचाची. तीन नंबर झाले, त्यात काय! आण इकडे, मी करते फोन."

"नको."

"अरे, उद्या त्या माणसाचा-"

"मी. मा-माझ्यामुळे झालंय."

ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि स्टूल ओढून बसली. बाहेर मास्तरीणबाई खोकल्या. ताई तिथूनच ओरडली, "पाच मिनिटं हं बाई! भिंग तापलंय, गार होतंय!"

पहिला नंबर, दोनच्या जोडीचा. एका बाईने उचलला. "हॅलो?" मागे कसलीशी भांडी वाजत होती, कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. "हॅलो? ऐकू येत नाही." त्याच्या जबड्याला कुलूप बसलं. कट.

दुसरा, साताचा. एक पुरुष. "कोण?... कोण बोलतंय?... द-द-द काय? अगं, तो मशीनचा फोन आहे, ठेवतो मी!" कट.

ताई पदरात तोंड घालून हसली आणि लगेच डोळे पुसले. "तुला मशीन म्हणाला मेला."

तो हसला नाही. तिसरा लावला, पाचाचा. असा नंबर अस्तित्वात नाही, असं एका पढवलेल्या आवाजाने सांगितलं.

म्हणजे राहिला पहिलाच. घोटभर पाणी पिऊन त्याने पुन्हा लावला. तीच बाई. "हॅलो, कोण?"

त्याने श्वास घेतला आणि अडला. भांड्यांचा आवाज दूर गेला, पलीकडे दार लागल्यासारखं झालं. सेकंद गेले. ताईने तोंड उघडलं आणि स्वतःच्याच हाताने दाबून धरलं. पलीकडची बाई 'हॅलो' म्हणाली नाही, 'ऐकू येत नाही' म्हणाली नाही. ती थांबली. घाई नसलेलं, सवयीचं थांबणं. असं थांबणारं माणूस अडखळणाऱ्याच्या घरातलंच असतं. त्याला तिथेच कळलं, आपण नेमक्या दारात आलोय.

"मी... ग्रु-ग्रुपवरचा... भिंगवाला."

"अगंबाई! भावजी, हे तुमचीच वाट बघत होते हो."

'होते' म्हणजे? दादा गेला? पलीकडच्या बाईंना ते उमगलं असावं. "आहेत, आहेत. इथंच आहेत. पण ऑपरेशन नऊ तारखेलाच उरकलं. गाठ वाढली म्हणाले, थांबता येणार नाही. मघाशी दवाखान्याच्या खोलीत जेवणाची गाडी आली होती, काही कळेना, म्हणून ठेवला फोन. हे रोज मोबाइल उघडून तुमचं नाव दाखवायचे. भिंगवाल्यांनी ऐकलंय, म्हणायचे, करतील फोन. दुकान असतं, वेळ मिळत नसेल."

त्याला वाटलं, जमीन दुभंगावी.

"त्यांच्या कानाला लावते. बोला तुम्ही. त्यांना काही बोलता यायचं नाही."

पलीकडून श्वास यायला लागला. नळीतून यावा तसा, ओला, घरघरता. त्यात आता शब्द यायचा नव्हता, अडखळताही नाही.

"दादा," तो म्हणाला, "मी ऐ-ऐ..." फार वेळ गेला. "मी ऐकलं नव्हतं. ऐकलं असं नुसतं लि-लिहिलं. आज ऐकलं."

श्वास तसाच चालू राहिला, ना कमी ना जास्त. राग असेल, माफी असेल, कळायला मार्ग नव्हता. मग तो बोलत राहिला. दुकानाचं, धुक्याचं, मशीन म्हणून फोन ठेवणाऱ्या त्या माणसाचं. दहा मिनिटं झाली असतील. शेवटी बाईंचा आवाज आला.

"डोळे मिटलेत. झोपलेत की ऐकतायत, मलाही ओळखता येत नाही अजून. उद्या कराल का? अकराच्या आत करा, नंतर डॉक्टर येतात."

"क-करतो."

फोन ठेवून तो बसून राहिला. ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी म्हणणार होती, पण न म्हणता बाहेर गेली आणि मास्तरीणबाईंशी धुक्याबद्दल मोठमोठ्याने बोलू लागली. यंत्राखालच्या तबकात काचेचा पांढरा गाळ काठोकाठ साचला होता. त्याने तबक ओढून काढलं, मोरीत उलटं केलं, आणि तळाला घट्ट बसलेला गाळ जुन्या ब्रशने खरवडायला घेतला.