उरलेल्या जागांचे भाऊजी

दुसऱ्याच्या मुलाची अ‍ॅडमिशन हुकली की ज्याच्या अंगात बळ संचारतं, असा माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे, आणि तो चुलत दीर म्हणून माझ्या वाट्याला आला आहे. लोक पास झालेल्यांच्या घरी पेढे खायला जातात. आमचे भाऊजी यादीत नाव न आलेल्यांच्या घरी जातात, न बोलावता, आणि हातात स्टेपलर असतो. एका कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीमागे त्यांनी सारी नोकरी काढली. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली, पण खिडकी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डिंकाची बाटली, कोऱ्या अर्जांचे नमुने आणि अर्ध्या खानदानाचे पासपोर्ट फोटो. बारशाला गेले तर पाळण्यात डोकावण्याआधी जन्मदाखल्यावरचं स्पेलिंग तपासतात. मयतीच्या घरी सगळे डोळे पुसत असताना हळूच म्हणतात, "दाखल्याच्या धा कॉप्या काढून ठेवा बरं, एकानं भागत नाही." त्यांचा कोणाला राग येत नाही, कारण महिन्याभरात त्या घराला अकरावी कॉपी लागते.

पहिल्या यादीवर त्यांचा विश्वासच नाही. खरा खेळ दुसऱ्या यादीपासून सुरू होतो, हे त्यांचं तत्त्वज्ञान, आणि ते फक्त कॉलेजापुरतं नाही. माझ्या भाच्याच्या लग्नात मी भुकेनं कासावीस होऊन पहिल्याच पंगतीला बसले. माझ्या पानात मटणाचे दोन तुकडे पडले, त्यातलं एक हाड होतं. भाऊजी मांडवाच्या खांबाला टेकून शेवटपर्यंत उभे राहिले आणि मग आचाऱ्याच्या शेजारी बसून वाटीवर वाटी चापत मला म्हणाले, "वहिनी, शेवटच्या पंगतीले वाढणाऱ्याचा हात मोकळा राहते."

यंदा त्यांना आमच्याच घरी काम निघालं. माझी नात रेवा हिला आर्किटेक्ट व्हायचं आहे. फॉर्मवर पसंतीची हवी तेवढी कॉलेजं लिहायची मुभा असते. आमच्या बाईसाहेबांनी एकच लिहिलं, आणि तिन्ही फेऱ्यांत तेच एक लिहिलं. तिन्ही वेळा त्या कॉलेजानं नाही म्हटलं. मग प्रताप नगरातल्या आमच्या घरात पडदे ओढून रेवाचा उपास सुरू झाला. तो नूडल्सवर चालत होता, हा भाग वेगळा. मुलगा आणि सून कुजबुजत्या आवाजात बोलू लागले. चौथ्या दिवशी भाऊजी हजर.

"काहून वं, एकच कॉलेज लिहिलं?"

"मला तेच हवं होतं, आजोबा."

"बसमध्ये एकच खिडकी पायजे म्हणशीन, त उभ्यानं जा लागते."

मग त्यांनी पलंगावर कागद मांडले आणि बोटांवर वाटा मोजायला सुरुवात केली. सोमवारी एका कॉलेजात रिकाम्या राहिलेल्या जागांची स्पॉट फेरी आहे. ती हुकली तर इंटिरियरचा डिप्लोमा. तो नको तर वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा. आणि थांबलीस तर पुढच्या वर्षी गॅप सर्टिफिकेट लागेल, त्याचा नमुना पिशवीतच आहे. रेवानं उशीत तोंड खुपसलं. "उरलेल्या सीटवर मी नाही जाणार. लोकांनी टाकून दिलेली सीट."

हा तोरा मी आधी पाहिला होता, माझ्याच अंगात. म्हटलं, पोरीला जरा हसवावं, म्हणून माझा पराक्रम सांगायला बसले. दोन वेण्या घालत होते तेव्हाची गोष्ट. सायन्सच्या यादीत माझं नाव आलं नाही. मी रडले नाही, मी प्राचार्यांना चार पानी पत्र लिहिलं. मला न घेतल्यानं विज्ञानाचं किती नुकसान होणार आहे, ते त्यात मुद्देसूद मांडलं होतं. मग उत्तरासाठी रोज पोस्टमनला चहा पाजू लागले. आठवड्याभरात तो स्वतःची बिस्किटं आणायला लागला. शेवटी एक कार्ड आलं. मी आधी सही पाहिली. प्राचार्यांची नव्हती, खाली लिहिलं होतं, कारकून. मला कारकुनानं उत्तर द्यावं? वरची एक ओळही न वाचता मी ते चुलीत घातलं, वडिलांनी म्हटलं तिथे बी.ए. केलं, आणि पुढे माझं रसायनशास्त्र लोणच्याच्या बरणीत मुरलं.

रेवा उशीतून हसली. भाऊजी हसले नाहीत. स्टेपलर बंद करत म्हणाले, "त्या कार्डावर होतं, वेटिंगवर तिसरा नंबर, सोमवारी अकरा वाजता हजर राहणे."

"तुम्हाला काय माहीत?" मी विचारलं.

"म्याच लिहिलं होतं. नवीन लागलो होतो. सायबानं तुमची चिठ्ठी मले फाइल कराले दिली. म्या वाचली आधी. दोनदा वाचली."

म्हणजे मुलगी बघायला हे सगळे आमच्या घरी आले, तेव्हाच ह्यांनी माझं नाव ओळखलं होतं. "अन् इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तेव्हा बोललो असतो, त तुम्ही कारकुनाच्या घराण्यात आल्या असत्या काय?"

मी गप्प बसले. आमच्या घरात ही घटना इतकी दुर्मीळ आहे की रेवा घाबरून उठून बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आजोबा, सोमवारी किती वाजता?"

कॉलेज गावाबाहेर होतं. भाऊजींनी आम्हा दोघींना सकाळीच हॉलमध्ये नेऊन बसवलं, डबे मांडीवर दिले आणि पाणी प्यायलाही उठायचं नाही असा हुकूम काढला. दुपारपर्यंत निम्मी माणसं कंटाळून निघून गेली. जागा दोनच उरल्या. चारच्या सुमारास माईकवर रेवाचं नाव आलं. ते पूर्ण व्हायच्या आत ती "आहे" म्हणत टेबलाशी पोहोचली होती. ते तिचं कॉलेज नव्हे, बसनं जायला तास लागणार, आणि त्यावर वर्षभर कुरकुर ऐकावी लागणार. पण जागा मिळाली.

ती आत मूळ कागद द्यायला गेली. बाकावर आम्ही दोघंच उरलो. मी सहज विचारावं तसं विचारलं, "त्या दिवशी माझंही नाव पुकारलं होतं का हो?"

"नियम आहे ना. तीनदा पुकारा लागते."

"मग?"

भाऊजी पिशवीचे बंद बांधू लागले.

"म्या चारदा पुकारलं," ते म्हणाले.