समजाताई आणि औषधाचा पंप

विद्यापीठातल्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे समजाताई म्हणायचे. तिचं प्रत्येक वाक्य ‘समजा’नेच सुरू व्हायचं. समजा, दार उघडं असताना लिफ्ट हलली तर? समजा, दोघांनी एकदमच बटण दाबलं तर? प्रोग्रॅम चालवून बघण्यावर तिचा फारसा विश्वास नव्हता. “हजार वेळा नीट चालला म्हणजे हजार वेळा नीट चालला, एवढंच,” ती म्हणायची. म्हणून ती आधी प्रोग्रॅमचं नेमकं गणिती प्रारूप मांडायची. मग संगणक त्या प्रारूपात घडू शकणारी एकूण एक परिस्थिती धुंडाळायचा. नियम मोडणारी एखादी वाट सापडलीच, तर ती पायरी न पायरी छापून हातात द्यायचा.

घरी मात्र सगळा उलटा कारभार. चष्मा डोक्यावर ठेवून ती घरभर चष्मा शोधायची. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. तो म्हणायचा, “लाखो शक्यता तपासतेस, एकदा डोक्यावरही हात फिरवत जा.”

एका छोट्या कंपनीने तिच्याकडे औषधाच्या पंपाचा प्रोग्रॅम तपासायला दिला. रुग्णाच्या शिरेत तासाला ठरलेलं औषध सोडणारा, उशीएवढा पंप. कंपनीचा इंजिनियर तरुण, हुशार आणि जरा तोऱ्यातला होता. सहा वर्षं त्याने त्या पंपाला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं.

पहिल्याच आठवड्यात संगणकाने हात टेकले. बॅटरीची टक्केवारी, औषधाचा वेग, पडदा, बटणं, सगळं एकत्र धरलं की परिस्थिती कोट्यवधींच्या घरात जायच्या आणि मेमरी संपायची. मग समजाताईने काटछाट केली. बॅटरी शंभर आकड्यांऐवजी फक्त भरलेली, उतरलेली आणि संपलेली. झाकण उघडं किंवा बंद. आता गाडं पुढे सरकलं आणि चूक सापडलीसुद्धा: झाकण उघडं असताना मोटर चालू!

तिने उत्साहाने बैठक बोलावली. इंजिनियरने कागद वाचला आणि हसला. “ताई, झाकणाला खटका आहे. मोटर चालू असताना ते उघडतच नाही. काटछाटीत तुमच्याकडून खटकाच गेलाय.”

खरंच गेला होता. चारचौघांत तिचा चेहरा उतरला.

तिने खटका परत घातला आणि संगणक पुन्हा कामाला लावला. तिसऱ्या दिवशी नवी वाट छापून आली. पंप थांबवा, वेगाचा आकडा बदला आणि ‘नक्की’ बटण दाबायच्या आधी विजेची वायर काढा. पंप बॅटरीवर जातो. पडद्यावर नवा आकडा तसाच राहतो, मोटरकडे मात्र जुनाच. आता ‘सुरू’ दाबलं की पडदा म्हणणार पाच आणि औषध जाणार पन्नासच्या वेगाने.

चार वेळा तपासलं, तरी फोन करायला तिचं मन धजेना. जेवताना नवऱ्याने विचारलं, “काय झालंय?”

तिने सांगितलं. “पुन्हा चुकीची निघाली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“आणि बरोबर निघाली तर?”

सकाळी तिने फोन केला. इंजिनियरने ऐकून घेतलं, पण पटलं नाही त्याला. “आकडा अर्धवट बदलून कोण वायर काढणार, ताई? प्रत्यक्षात असं कोणी करत नाही.”

“मग चला, असे पंप जे वापरतात त्यांनाच विचारू.”

दोघं रुग्णालयात गेले. वॉर्डच्या मुख्य परिचारिका पन्नाशीच्या, तुरुतुरु चालणाऱ्या. त्यांनी उभ्या उभ्याच प्रश्न ऐकला.

“असं कोणी करत नाही?” त्या म्हणाल्या. “अहो, आमच्या जुन्या पंपांवर मी रोज करते. रुग्णाला एक्स-रेला न्यायचं असतं, स्ट्रेचर दारात, माणूस घाई करतोय. एका हाताने आकडा बदलते, दुसऱ्याने वायर काढते. तिसरा हात देवाने दिलेला नाही.”

इंजिनियरने तिथेच कोपऱ्यातल्या टेबलावर नमुन्याचा नवा पंप मांडला. नळीत नुसतं पाणी भरलं, वेग पन्नासवर ठेवून पंप सुरू केला आणि बाईंना म्हणाला, “नेहमी करता तसंच करा.” त्यांनी पंप थांबवून पन्नासचे पाच केले, वायर काढली आणि ‘सुरू’ दाबलं. पडद्यावर पाचच होतं. पाणी मात्र भराभर पेल्यात पडू लागलं. त्याने पंप बंद केला. मग खुर्ची ओढून मटकन बसला.

समजाताईला वाटलं होतं, आपल्याला आनंद होईल. झाला नाही. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “अजून एकही पंप बाहेर गेलेला नाही ना?”

“पुढच्या महिन्यात जाणार होते.”

“मग पुष्कळ वेळ आहे. बसू या दोघं.”

दोघं तीन आठवडे बसले. ‘नक्की’ दाबल्याशिवाय नवा आकडा पडद्यावर स्थिर होणार नाही, लुकलुकत राहील आणि ‘सुरू’ बटण चालणारच नाही, असा बदल त्याने केला. तिने सगळं नव्याने तपासलं. या वेळी एकही वाट निघाली नाही. इंजिनियरने विचारलं, “म्हणजे आता पंप निर्दोष?”

“मी कागदावर मांडला तेवढा निर्दोष,” ती म्हणाली. “मांडायचं काय राहिलं, ते त्या बाईंना विचारत राहायचं.”

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघं वॉर्डात जाऊ लागले. मुख्य परिचारिका त्यांच्यासाठी तक्रारींची यादी काढून ठेवायच्या. बहुतेक तक्रारी पंपाच्या नसायच्याच, वॉर्डातल्या करकरणाऱ्या खाटांच्या असायच्या. समजाताई त्याही मन लावून उतरवून घ्यायची.