चिंचणीच्या जास्वंदीची एक फांदी

जेवायच्या आधी ताट नाकाशी नेणं. चहात साखर एकदम न घालता चिमटीचिमटीने टाकत राहणं. झाड दिसलं की पान उलटून पाहणं, मग ते बँकेच्या दारातलं का असेना. कारखान्याच्या टाकीत वाढणाऱ्या जिवाणूंना ‘पोरं’ म्हणणं. ‘आज पोरं नीट जेवली नाहीत’ असं म्हणत स्वतःही एक पोळी कमी खाणं.

रामकिसनदादांच्या या सवयी मला पाठ आहेत. ते गेले, हे मात्र अजून मनात उतरत नाही.

बोईसरजवळ सालवडला आमच्या खोल्या समोरासमोर. ते मूळचे परभणीकडचे. बी.एस्सी. झाले, बोईसरला आले, आणि एकाच कारखान्यात वीसेक वर्षं राहिले. तिथे कपडे धुण्याच्या पावडरीत घालायचं एन्झाइम बनतं. दादांच्या शर्टाला आंबलेल्या पिठाचा वास असायचा. शिफ्टची बस थांबली की आधी वास यायचा, मग दादा.

रविवारी ते मला स्कूटरवर मागे बसवून चिंचणीला न्यायचे. तिथे जयवंतीकाकूंची वाडी. नारळ, केळी, आणि विहिरीजवळ त्यांच्या सासूबाईंनी लावलेली लाल जास्वंद. दादा गणपतीसाठी फुलं घ्यायला गेले आणि ओळख झाली. काकू शहाळं द्यायच्या, दादा पानं उलटत फिरायचे. मी नुसता बसायचो. तसे रविवार आता नाहीत.

मागच्या वर्षी त्या जास्वंदीच्या एका फांदीला वेगळीच फुलं आली. पाच पाकळ्या आणि मधला लांब दांडा असं साधं फूल नाही. दांड्याच्या जागी पाकळ्यांचा गुच्छ. बाकी झाड जसंच्या तसं.

काकूंच्या मुलाने, हर्षितने, निदान करून टाकलं.

“विहिरीत कारखान्याचं पाणी उतरलंय. आज फूल बिघडलं, उद्या आपण. गोदामवाला जागा मागतोय तोवर वाडी देऊन टाकू.”

“तू कधीपासून झाडांचा डाक्टर झालास?” काकू म्हणाल्या. “परवापरवापर्यंत तुला केळ नि कर्दळ कळत नव्हती.”

पण त्या घाबरल्या होत्या. त्यांनी दादांना विचारलं, “रामकिसन, तू कारखान्यातला मानूस. खरं सांग. आमचं पानी बाटलं काय?”

“माहीत नाही, काकू.”

“एवढा शिकलास नि माहीत नाय?”

दादा हसले आणि तिथेच विहिरीच्या कट्ट्यावर बसून सांगू लागले. टाकीतल्या पोरांना साखर जास्त झाली की ती एन्झाइम बनवणं थांबवतात. कसं बनवायचं ते विसरत नाहीत. साखर सरत आली की पुन्हा सुरू करतात. म्हणून साखर थेंबाथेंबाने सोडावी लागते. फुलाचंही काहीसं तसंच. कळीच्या प्रत्येक पेशीत पाकळी कशी करायची ते लिहिलेलं असतं, मधल्या दांड्यावरचे पुंकेसर कसे करायचे तेही. कुठे काय चालू ठेवायचं, त्यावर फूल ठरतं. या फांदीत पुंकेसरांच्या जागी पाकळ्या होतायत.

“आता प्रश्न एवढाच,” ते म्हणाले, “की बाहेरच्या कशाने ते तात्पुरतं बंद पडलंय, की फांदीच्या आतच कायमचं बदललंय. फांदी सालवडला नेतो. नळाच्या पाण्यावर वाढवतो. तिथेही असंच फूल आलं तर दोष फांदीचा. साधं आलं, तर मग तुमच्या पाण्याकडे नीट बघावं लागेल.”

“नि असंच आलं तर पानी चांगलं?”

“तसं नाही. पाणी तपासायला वेगळं द्यायचं. फक्त या फुलाचं खापर त्याच्यावर फोडता येणार नाही.”

काकूंनी हर्षितला सांगितलं, “त्याचं फूल येऊ दे. तवर इक्रीचं नाव काढू नको.”

पहिली फांदी दादांनीच मारली. मुळं लवकर फुटावीत म्हणून पोरांच्या खाद्यासारखं साखरपाणी करून तिच्या कुंडीत ओतलं. आठवड्यात बुंध्याला पांढरी बुरशी.

“कुजवलीत की,” दादांची बायको, नर्मदावहिनी म्हणाल्या. “बायको घरात, लाड जिवाणूंचे. आता झाडाचेबी तेच.”

“अगं, जे पोरांना मानवतं ते...”

“ते तुम्हालाबी मानवत नाही. साखर तपासून या एकदा.”

दुसरी फांदी निव्वळ पाण्यावर वाढली. थंडीत पानं धरली. उन्हाळा लागताना कळी आली. दादा ड्युटीवर निघताना खिडकीत वाकून बघायचे आणि मला हाक मारायचे, “अजून मिटलेलीच आहे रे.” काकूंचा फोन रोज यायचा. हर्षितचा गोदामवालाही रोज यायचा म्हणे.

गेल्या महिन्यात दुपारच्या पाळीत दादांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

वहिनी त्यांना घेऊन गावाकडे गेल्या. खोलीला कुलूप. कुंडी आतल्या खिडकीत. त्या दिवसकार्य आटोपून परतल्या तेव्हा माती भेगाळली होती आणि कळी खाली पडलेली.

जयवंतीकाकू भेटायला आल्या. वहिनींजवळ बसल्या. मग खिडकीतली कळी उचलली आणि नखाने सोलायला लागल्या. आत नुसता वाळका, काळपट लगदा होता. पाकळ्या कुठल्या, दांडा कुठला, काही उमगेना. त्यांनी तो मला दाखवला. मलाही उमगलं नाही.

“आता ह्ये कोन सांगंल?” त्या म्हणाल्या.

फांदी जिवंत होती. वहिनी म्हणाल्या, “घेऊन जा तुमच्याकडे. झाड तुमचंच.”

काकूंनी कुंडी उचलली, दारापर्यंत नेली आणि थबकल्या.

“नाय. वाडीत नेली तर आमचंच पानी पिल.”

त्यांनी ती पुन्हा खिडकीत ठेवली. स्वयंपाकघरातून तांब्याभर नळाचं पाणी आणून हळूहळू घातलं. हर्षित खाली स्कूटरचा हॉर्न वाजवत होता.

नवी पालवी आली आहे. कळी अजून नाही.