डोळे बांधून बसलेली पोरगी

बदनापूर स्टेशनच्या बाकावर एक पोरगी ओढणीनं डोळे बांधून, मांडीवरच्या लॅपटॉपची बटणं चाचपत बसली होती. मी तोंडाचा फटकळ. म्हणलं, "काय गं, डोळे असून आंधळी झाली का?"

ती हसली. "वेबसाइट बनवते, बाबा. आंधळ्या माणसाला ती बराबर वापरता येते का, ते तपासून राह्यले. पडद्यावरचं हा वाचून दाखवतो, ऐका."

लॅपटॉप बोलला, "चित्र. चित्र. चित्र."

"कशाचं चित्र?"

"तेच तर बनवणाऱ्यानं लिहिलं न्हाई. अन् बनवणारी मीच!" तिनं कपाळावर हात मारला. "दिसणाऱ्यानं नीट सांगितलं न्हाई, तर दुसऱ्यानं काय समजायचं?"

शुगरनं माझ्या बायकोचे डोळे गेल्ते. ओट्यावर बसून ती रोज विचारायची, "समोर काय दिसतं हो?" मी म्हणायचो, "बाभळ. दुसरं काय असणार?" मरेपर्यंत तिला तेवढंच सांगितलं.

आता संध्याकाळी एकटाच ओट्यावर बसतो अन् मोठ्यानं सांगतो, "बाभळीला पिवळी फुलं आलीत. खालच्या फांदीला सुगरणीचे दोन खोपे हायेत. एक अजून अर्धाच विणलाय."