पावणेचौदा

मधल्या शाळेच्या सुताराने शिक्षणखात्याच्या साहेबांसाठी ठेवलेलं बाक आदल्या संध्याकाळी दीड इंच कापून ठेवलं, आणि साहेब त्यात असे काही अडकले की दोघांनी बखोटीला धरून त्यांना उपसून काढलं, अशी कुजबूज त्या वस्तीत पुष्कळ दिवस होती. इस्त्रीवाल्याच्या दुकानात ती दीड इंचाची होती. नळावर पोचेपर्यंत तीन इंचांची झाली, आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसून ऐकणाऱ्याला तर साहेबांची पँटही फाटल्याचं समजलं. पँट फाटली नव्हती. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत पँटीचीच वाट बघत बसायचा.

सुताराला सगळे ‘पावणे’ म्हणत. त्याच्या तोंडून पुरा आकडा कधी बाहेर पडत नसे. फळी सव्वातेवीस, खिळा पाऊण, आणि लग्नाला किती वर्षं झाली विचारलं तर “पावणेबावीस.” नव्या माणसाला वाटायचं, हा कुणाचा तरी जावई असणार आणि सासुरवाडीला मुक्काम ठोकून बसलाय. मधल्या शाळेत बदलून आलेल्या एका बाईंनी तर चौथ्याच दिवशी अदबीने विचारलं, “पाव्हणे, तुम्ही परत कधी निघणार?”

“पावणेसहाला, बाई,” तो म्हणाला. “आधी तुमच्या टेबलाचा खण बसवतो.”

माणूस बारीक, कानावर पेन्सिल, खिशात टेप. बोलणं कमी, पण जे बोलायचा ते मोजून, आणि इथे मोजून म्हणजे खरंच मोजून.

वस्तीत शाळा तीन होत्या. धाकटी, चौथीपर्यंत. मधली, पाचवी ते सातवी. आणि मोठी, आठवीच्या पुढची. पावणे मधल्या शाळेत लागला तेव्हा तिथे धाकट्या शाळेची जुनी आणि मोठ्या शाळेची मोडकी बाकं होती. म्हणजे काही पोरांचे गुडघे हनुवटीला लागत आणि काहींचे पाय घंटेच्या लोलकासारखे हलत. त्याने नवी बाकं केली. पहिली दहा बाकं चौदा इंचांवर केली आणि मग महिनाभर वर्गाच्या दारात उभा राहून पोरांच्या टाचा बघत राहिला. गणिताचे मास्तर वैतागले. म्हणाले, “अहो, काय बघताय? माझं चुकतंय का काही?”

“तुमचं नाही. माझं चुकलंय. टाचा उचलल्या जातायत.”

त्याने दहाही बाकं पाव इंच उतरवली. पावणेचौदा. मग पोरांच्या टाचा जमिनीला टेकल्या आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर वर्षागणिक करत करत त्याने त्याच मापाची एकशे बारा बाकं केली. एकातही खिळ्याचं डोकं वर आलेलं नव्हतं. सातवीतून बाहेर पडणारी पोरं मास्तरांची नावं विसरत, पण पँट-फ्रॉक कधी अडकून फाटला, असं एकालाही आठवत नसे. (पँटीची हौस असणाऱ्यांनी इथे भागवून घ्यावी.)

मग वरून हुकूम आला. तीन शाळा नकोत, दोनच. प्राथमिक आणि माध्यमिक. पाचवी-सहावी धाकट्या शाळेत जायची, सातवी मोठ्या शाळेत, आणि मधली शाळा बंद. शिक्षकांची वाटणी झाली, नकाशांची झाली, फुटबॉलवरून दोन शाळांत चार दिवस अबोला झाला. बाकांची वाटणी मात्र कुणी माणसाने करायची नव्हती. ती संगणकावरच्या तक्त्याने करायची होती, आणि तो तक्ता भरायला खात्याच्या कचेरीत बसला होता पावण्याचा सख्खा मेहुणा. आता घरातलाच माणूस म्हटल्यावर काम सोपं होईल असं ज्यांना वाटतं, त्यांना बहुधा मेहुणे नसावेत.

“उंची बोला, दाजी,” मेहुणा म्हणाला.

“पावणेचौदा.”

“पावणे इथे चालत नाही. अकरा आहे, सतरा आहे आणि इतर आहे. यातलं एक बोला.”

“मग इतर.”

“थांबा, घाई नको. इतर म्हणजे निर्लेखन.”

“म्हणजे?”

“म्हणजे वहीतून नाव कमी. लाकूडवाला येतो, नेतो, फोडतो.”

मेहुण्याने इकडेतिकडे बघितलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. “दाजी, सतरा म्हणा. टेप घेऊन कोण येतंय बघायला? बाकं मोठ्या शाळेत जातील, वाचतील. तुम्ही सुटलात, मी सुटलो, आणि ताई माझ्या नावाने बोटं मोडणार नाही.”

“आणि आठवीची पोरं?”

“ती बसतील की. पोरंच ती.”

पावण्याने टेप काढून मेहुण्याच्या खुर्चीला लावला. “साडेसतरा. तुला उद्यापासून पावणेचौदावर बसवतो, कचेरी सुटेपर्यंत. बसशील?”

“माझं वेगळं आहे.”

“गुडघा सगळ्यांना सारखाच असतो.”

“मग अकरा म्हणा! धाकट्या शाळेत जातील.”

“पहिलीच्या पोरांचे पाय लोंबतील. पाय टेकला नाही की पोर पुढे सरकतं, पुढे सरकलं की वाकतं. नको. जे आहे ते लिही.”

मेहुण्याने कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हाताने ‘इतर’ दाबलं. एकशे बारा बाकं तिथेच संपली. दोरी बांधून ती मधल्या शाळेच्या अंगणात रचून ठेवण्यात आली. लाकूडवाल्याला सोमवारचा दिवस दिला गेला.

घरी बायकोने ऐकलं आणि पोळपाटावरचं लाटणं थांबलं. “एक आकडा खोटा बोलला असतात तर जीभ झडली असती का?”

“जीभ नसती झडली.”

“मग?”

“बाकं खोटी पडली असती.”

“अहो, आता ती सरपण होणार आहेत! खरं सरपण!” मग ती जरा नरमली, कारण नवरा जेवताना भाजी विसरून नुसतीच पोळी मोडत बसला होता. “अर्ज करा.”

“माझं अक्षर...”

“ते मला पावणेबावीस वर्षं माहीत आहे. सांगा, मी लिहिते.”

तिने सुरेख अक्षरात अर्ज लिहिला. पाचवी-सहावीची मुलं धाकट्या शाळेत आली की त्यांना अकरा इंची बाकं पुरणार नाहीत, सबब मधली बाकं मोडू नयेत आणि त्याच शाळेत द्यावीत, एवढंच त्यात होतं. चार दिवसांनी अर्ज परत आला. वर शेरा होता : ‘उंची पूर्णांकात नमूद करून अर्ज फेरसादर करावा.’ खाली सही तिच्या भावाची. त्या आठवड्यात भाऊ बहिणीकडे फिरकला नाही, यात त्याचं शहाणपण दिसून आलं.

शनिवारी धाकट्या शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा होती, आणि भाषणाला खात्याचे साहेब मेहुण्याला बरोबर घेऊन येणार होते. शाळा आता ‘प्राथमिक’ झाली होती, फाटकावर नवी पाटी लागली होती. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारात उभ्या राहून सगळ्यांचं स्वागत करत होत्या, आणि साहेबांची गाडी दिसल्यावर आत वळल्या तर हॉलमध्ये एकही खुर्ची नाही.

“खुर्च्या कुठे गेल्या?” त्या शिपायाला कुजबुजल्या.

“मला काय ठाऊक, बाई? काल तर होत्या.”

पालक सतरंजीवर बसले होते. साहेबांना सतरंजीवर कसं बसवणार? मोठ्या बाईंनी पहिलीच्या वर्गातलं एक बाक आणवलं, पुसलं आणि अजिजीने पुढे केलं. साहेब उंचेपुरे, पण स्वभावाने गरीब. “असू द्या हो,” म्हणाले आणि बसले. ते बाक म्हणजे बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच चौकटीत जोडलेली. साहेब तिरके होऊन आत शिरले खरे, पण गुडघे वरच्या फळीखाली गेले ते तिथेच राहिले.

तशा अवस्थेत त्यांनी पंचवीस मिनिटं भाषण केलं. दोन टप्प्यांच्या शाळांचे फायदे सांगितले, आणि ते चांगले सांगितले. टाळ्या झाल्या. साहेब उठायला गेले आणि बाकही त्यांच्याबरोबर उठलं.

“दाजी, धरा धरा!” मेहुणा धावला.

पावणे मागे भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला, गुडघ्यावर बसला, आणि धरायचं सोडून त्याने खिशातून टेप काढून साहेबांच्या पायाला लावला. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

“काय करताय तुम्ही?” साहेबांनी विचारलं.

“माप घेतो, साहेब. कुठल्या अंगाने काढायचं ते कळायला हवं, नाहीतर कातडं सोलेल. गुडघा पावणेएकोणीस.” त्याने टेप बाकाला लावला. “हे अकरा.”

“हे बाक कितवीचं?”

“पहिलीचं. सोमवारपासून सहावीचंही.”

सतरंजीवर कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. “सहावीच्या मुलांना हे?”

“यादीत दोनच मापं आहेत, साहेब. अकरा आणि सतरा. धाकट्या शाळेला अकरा.”

“मग ती मुलं आजवर कशावर बसत होती?”

“पावणेचौदावर.”

“आणि ती बाकं?”

“दोरीने बांधून ठेवलीत, पलीकडच्या अंगणात. सोमवारी लाकूडवाला येतोय.”

साहेबांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने छताकडे पाहिलं. छतावर काहीच नव्हतं.

“आधी मला बाहेर काढा,” साहेब म्हणाले. एका बाजूने दाजी, दुसऱ्या बाजूने मेहुणा, अशी त्यांची सुटका झाली. दोन पावलं लंगडत चालून त्यांनी गुडघा चोळला आणि म्हणाले, “चला, दाखवा.”

अर्धी सभा अंगणात आली. पावण्याने दोरी सोडून एक बाक खाली उतरवलं. एका पालकाची सहावीतली मुलगी तिथेच होती, तिला बसवलं. ती बसली, पाठ आपोआप ताठ झाली, दोन्ही टाचा फरशीला लागल्या.

“कसं वाटतंय?” साहेबांनी विचारलं.

“कसं म्हणजे? नेहमीसारखंच,” ती म्हणाली. इतक्या मोठ्या माणसाने इतकं साधं का विचारावं, ते तिला कळेना.

साहेबांनी हात पुढे केला. “यादी.”

“साहेब, मशीन पावणे घेत नाही,” मेहुणा म्हणाला.

“पेन घेतं ना?”

साहेबांनी छापील यादीवर ‘इतर’ खोडलं. शेजारी लिहिलं, उंची पावणेचौदा इंच, प्राथमिक शाळेत वापरात ठेवावीत. खाली सही केली, तारीख टाकली आणि गाडीकडे गेले. अजूनही थोडे लंगडतच.

लाकूडवाला सोमवारी रिकाम्या हाताने परत गेला. बाकं धाकट्या शाळेत आली, पाचवी-सहावीच्या खोल्यांत मावली तेवढी लावली, उरलेली एकावर एक चढवून ठेवली. सगळंच काही पावण्याच्या मनासारखं झालं नाही. मधल्या शाळेची पाटी उतरली ती उतरलीच, आणि त्याच्या कामाच्या खोलीत संगणक आले. त्याला जिन्याखालची जागा मिळाली. तिथे उभं राहायला पाच फूट सव्वादोन इंच उंची होती आणि तो स्वतः पाच फूट पावणेपाच होता. “मान वाकवायची सवय लग्नापासूनची आहे,” असं तो म्हणाला, बायको ऐकायला नाही याची खात्री करून.

अफवेला मात्र खतपाणी मिळतच राहिलं. पलीकडच्या काकूंनी शपथेवर सांगितलं की सभेच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या दारात करवतीचा आवाज आला होता आणि उंबऱ्यावर भुसा पडला होता. खुर्च्या नेमक्या त्याच दिवशी गायब, बाक नेमकं तेवढंच बुटकं. योगायोग म्हणायचा तरी किती? लोक त्याला विचारत, “काय पावणे, दीड इंच कापलंत म्हणे?”

तो गंभीरपणे म्हणायचा, “दीड कशाला? कापायचं असतं तर सव्वा पुरलं असतं.”

लोकांना तेवढं पुरे होत होतं. बायकोही नळावर कधी कुणाला खोडून काढत नसे. उलट ओठ मिटून अशी काही हसायची की ऐकणाऱ्याने घरी जाऊन आणखी अर्धा इंच वाढवावा.

खरं एवढंच आहे. त्या संध्याकाळी त्याने आपल्या घराच्या दाराची खालची कड कापली, कारण दार फरशीला घासत होतं. हॉलमधल्या खुर्च्या सतरा इंचांच्या होत्या, म्हणून यादीप्रमाणे त्या शनिवारी सकाळच्या ट्रकने मोठ्या शाळेत गेल्या. बाकाला कुणी हात लावला नव्हता. ते अकरा इंचांचंच होतं.