फाटलेली आरती

आमच्या कपाटात एक सीडी आहे. तिच्यावर माझ्याच अक्षरात ‘बाबांची आरती’ असं लिहिलंय, आणि ती कोणी लावत नाही. ती कोणी बिघडवली असं लाटंबार्शाला माझ्या माहेरी कोणालाही विचारा, दहाच्या दहा बोटं माझ्या नवऱ्याकडे जातील. गणेश चवथीला आम्ही गेलो की पाटावर बसायच्या आत कोणीतरी म्हणतंच, “आयले गो कंप्युटरवाले जांवय! आरती खाल्ली ती हांणीच.” सगळे हसतात. हेही हसतात. मी तर सगळ्यांच्या आधी हसते.

माणूस हसण्यासारखा होताच. सरकारी कचेरीतला कारकून, पण डोक्यात भलतंच खूळ. गोवा राज्य होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. डिचोलीत आमच्या आजूबाजूचे लोक मुलांच्या अभ्यासाला म्हणून कंप्युटर घेत आणि त्यावर पत्ते खेळत. ह्यांनी घेतला तो रेकॉर्डिंगला. गल्फातल्या भावाकडून एक पेटी मागवली. जेवणाच्या डब्याएवढी, तिला एक फिरवायचं बटण आणि तीन दिवे: हिरवा, पिवळा, लाल. माईक पेटीत खुपसायचा, पेटी कंप्युटरला जोडायची, झाला स्टुडिओ! माझ्या माहेरच्या गोधड्या खिळे ठोकून भिंतीला टांगल्या. आणि एवढा थाट करून पहिलं रेकॉर्डिंग कशाचं? पोदेराच्या भोंप्याचं. पाववाला सकाळी सायकलवरून पोंऽ पोंऽ करत येतो, त्या पोंऽला हे तीन दिवस लेव्हल लावत बसले. भोंपू मिळाला, पाव राहिले. मी चहाबरोबर त्यांच्यापुढे रिकामी बशी ठेवली.

त्यात उपदेश वेगळा. “डिजिटलात वर जागा सोडायची गो. सगळ्यात मोठा आवाज येईल त्याचा विचार करून बटण लावायचं. कमी आलेला आवाज मागाहून वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. लाल दिवा पेटला की संपलं.” हे मला सांगत होते! मी शाळेत असल्यापासून रेडिओवरची गाणी कॅसेटवर भरत आले. कॅसेटचा काटा लालात गेल्याशिवाय आवाज भरदार येत नाही, हे मला कोणी शिकवायला नको होतं. “कळतं हो सगळं तुम्हालाच,” मी म्हणायची. “आम्ही आपले शाळेत पोरांना गिरवायला शिकवणारे.”

मग बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरनी सांगितलं, ऑपरेशन करावंच लागेल, जीव वाचेल, आवाजाचं काही सांगता येत नाही.

बाबांचा आवाज म्हणजे आमच्या वाड्यावरची घुमट आरती. मडक्याला कातडं ताणून केलेलं घुमट, काठीने वाजवायची शामेळ आणि काशाची ती जड झांज, कासाळी, वाजवणारे ढीगभर मिळतात. पण एका आरतीची जुनी चाल बाबांनाच येत होती, त्यांच्या गुरूकडून आलेली. तिच्या शेवटी सगळी वाद्यं अचानक थांबतात आणि एकटा आवाज वर चढत जातो, त्याला आम्ही ‘चढण’ म्हणायचो. चढण संपली की घुमटं पुन्हा कोसळतात. ती चढण बाबांनी कोणाला शिकवली नाही, कारण शिकायला कोणी बसलंच नाही. आमच्याकडे सगळं असंच. भांडायचं कोंकणीत, देवाला आळवायचं मराठीत, ह्यातली खरी भाषा कुठली यावर एकमेकांचं तोंड बघायचं सोडायचं, आणि ज्याला खरोखर आरती येते त्याच्यापाशी तासभर बसायला मात्र कोणाला सवड नाही!

तेव्हा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांना आमच्याकडे आणून ती आरती भरून घ्यायची असं ठरलं. ठरवलं ह्यांनी. मी म्हटलं, भोंपूवरून थेट बाबांवर? पण दुसरा होता कोण?

बाबा आले, बरोबर वाड्यावरचे तिघे वाजवणारे. बाबांचा चेहरा एवढासा झाला होता. आल्या आल्या त्यांनी हुकूम सोडला: देवाशिवाय आरती होणार नाही. झालं, कंप्युटरच्या टेबलावर गणपतीची तसबीर, तिच्यापुढे समई, नारळ, आणि समईच्या पायाशी ती पेटी. तिच्यावरही कोणीतरी फूल ठेवलं.

हे म्हणाले, “बाबा, थोडी म्हणून दाखवा. शेवटची चढण तेवढी. मला लेव्हल बघायची आहे.”

बाबांनी कानाला हात लावला. “देवाक चाचणी म्हणून हाक मारतात काय? आरती एकदा उचलली की पुरी करूची. आणि एकदा लावलेल्या समयेक एकदाच.”

वाजवणाऱ्यांनीही माना हलवल्या. घुमटावर कोणी थाप मारीना. शेवटी बाबा माईकपुढे बसून सोमवार, मंगळवार म्हणाले. शनिवारपर्यंत येता येता दोनदा खोकले. फुटक्या कौलातून गळणाऱ्या पाण्याएवढा आवाज! पडद्यावरची रेघ जेमतेम हलली. आणि ह्या शहाण्याने काय करावं? बटण आणखी खाली आणलं.

“अहो, आधीच ऐकू येत नाही!”

“बोलताना नाही येणार. गाताना बघ. शिवाय घुमटं आहेत.” असं म्हणून त्यांनी चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा कापला आणि बटणाच्या टोकासमोर पेटीवर चिकटवला. इथेच राहायला हवं म्हणून खूण. मग रेकॉर्डिंग चालू केलं. पुढचं मागचं नंतर कापता येतं म्हणे.

तेवढ्यात शेजारच्या नव्या इमारतीवर धडाधड ठोकणं सुरू झालं. तिथे बेळगावकडचे गवंडी कामाला होते. हे त्यांना अर्धा तास थांबायची विनंती करायला धावले.

ते बाहेर पडले आणि मी बटण वर केलं.

थोडंथोडकं नाही, चांगलं अर्ध्याहून जास्त. उद्या ह्या माणसाचा आवाज जाणार आणि आमच्या हातात काय राहणार, कुजबुज? ह्या कारकुनाच्या पुस्तकी शहाणपणापायी? मी मनात त्यांना मूर्ख म्हटलं आणि वाजवणाऱ्यांना म्हटलं, “ठोकणं थांबलं. करा सुरू.”

बाबांनी डोळे मिटले, एक हात कानामागे नेला आणि आरती उचलली.

काय सांगू! घुमट वाजलं तसा घशातला आजार कुठे गेला कोण जाणे. दुसऱ्या कडव्याला शामेळ चढली, तिसऱ्याला कासाळी. घरातली भांडी किणकिणायला लागली. ठोकणं थांबवलेले गवंडी आमच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले, एकाने डोक्यावरचा टॉवेल काढून हात जोडले. बाबा गात होते, तीस वर्षांपूर्वी देवळात गायचे तसे, मी पाच वर्षांची असताना त्यांच्या मांडीवर बसून ऐकलं होतं तसं.

आणि पेटीवरचा लाल दिवा पेटला तो विझेना.

हे दाराशी येऊन पोचले होते. पण आरती चालू असताना गाणारा आणि समई यांच्या मधून कोणी जात नाही. ते उंबऱ्यावरच थांबले. तिथून त्यांना दिवा दिसत होता. त्यांनी माझ्याकडे बघून हाताचा तळवा खाली, खाली केला. मी पेटीच्या शेजारीच बसले होते. हात लांब केला असता तर बटण मिळालं असतं.

त्यांना काय हवं ते मला कळलं होतं. पण त्यांनी सांगितलं म्हणून, तिघा-चौघांच्या देखत, बटण खाली करायचं? लाल आलं तर येऊ दे, कॅसेटला चालतं तर ह्याला का नाही? मी भक्तिभावाने डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांनीच मी बाबांची चढण ऐकली. तशी त्यांनी आयुष्यात कधी घेतली नव्हती.

आरती संपली, नारळ फुटला. बाबा घामाघूम, पण तोंडावर तेज. “लाव गो बाये,” ते म्हणाले, आणि आता आवाज खरोखरच बसला होता.

हे पुढे आले आणि त्यांनी लावलं. पहिलं कडवं कसंबसं गेलं. मग खर्रऽ खर्रऽ खर्रऽ. चढणीला तर माणसाचा आवाजच नव्हता, पत्र्यावर दगड घासल्यासारखं काहीतरी. पडद्यावरच्या रेघेचे माथे सपाट कापलेले, आमच्याकडे खाणवाले डोंगराचे कापतात तसे. तो वरचा भाग कुठेच नव्हता. तो यंत्राने घेतलाच नव्हता.

वाजवणाऱ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. बाबांनी बघितलं. आणि सगळ्यांच्या आधी मी बोलले.

“तरी मी सांगत होते, हे तुमच्यानं होणार नाही!”

हे पेटीवर वाकले. बटण खुणेपासून कुठल्या कुठे गेलेलं त्यांनी पाहिलं. मीही पाहिलं, त्यांनी पाहिलेलं. त्यांनी तो चिकटपट्टीचा तुकडा नखाने सोलून काढला, बोटांत गोळी केली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. मग बाबांकडे वळून म्हणाले, “बाबा, माझा अंदाज चुकला.”

“असूं दी,” बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. “देवान आयकलां मरे.” आणि उलट त्यांनीच जावयाच्या पाठीवर हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले, पण बोलायचं झालं तर पाटीवर लिहून. चवथीला ते घुमट वाजवायचे. चढणीच्या जागी वाद्यं थांबत, सगळे क्षणभर त्यांच्याकडे बघत, आणि मग तसेच पुढे जात. आजही तिथे थांबतात. चढण कोणाला येत नाही.

कोणी विचारत नाही, पण मीच सांगते. मला बटणातलं कळत नव्हतं म्हणून हे झालं, हे खरं नाही. मी सोमवार-मंगळवार ऐकले आणि मनात म्हटलं, बाबा संपले. संपलेल्या माणसाच्या मापाने मी लेव्हल लावली. ते अजून किती आहेत हे त्या खोलीत एकालाच ठाऊक होतं, त्याने त्यांच्यासाठी वर जागा सोडली होती, आणि ती मी भरून टाकली.

ह्या चवथीलाही कोणीतरी म्हणालं, “आरती खाल्ली ती हांणीच.” हे हसले. पानात वाढलेल्या पातोळीवरची हळदीची पानं नीट सोलून बाजूला ठेवत राहिले. मीही हसले, सगळ्यांच्या आधी.